सहीच्या वरची जागा

जर्मनीत हॅनोव्हरला आल्यावर आप्पांनी पहिली शंका घेतली ती नळाच्या पाण्यावर. मुक्तानं बेसिनच्या नळाखाली पेला धरून त्यांच्यापुढं ठेवला, तसे ते पेल्याकडं बघतच बसले.

"भांडी धुयाचं पानी न्हवं ह्ये?"

"इथं तेच पितात आप्पा."

आप्पांनी पेला उजेडाकडं धरला, वास घेतला, आणि जावयानं आधी पिऊन दाखवल्यावर कसेबसे दोन घोट घेतले. दुसरी शंका ट्रामवर. चढताना तिकीट कुणी बघत नाही, उतरताना बघत नाही, हे काही त्यांच्या पचनी पडेना. "कुटंतरी कोनतरी लिवून घेत असनार," असं म्हणून ते उतरेपर्यंत तिकीट मुठीत आवळून बसायचे. तिसरी शंका रस्त्यात हसून 'मोर्गन', म्हणजे सुप्रभात, म्हणणाऱ्या अनोळखी माणसांवर. ओळख ना पाळख, मग हा गडी हसतो कशाला?

मुक्ताला हसू यायचं आणि रागही यायचा. आई, यमुना, जाऊन दोन वर्षं झाली होती. आप्पा धारेवाडीत एकटेच चूल फुंकत बसतात म्हणून तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, हृषिकेशनं, त्यांना तीन महिन्यांच्या व्हिसावर बोलावून घेतलं होतं. वासुदेव आप्पा म्हणजे जन्मभर आधी गावच्या, मग तालुक्याच्या पंचायतीत कारकुनी केलेला माणूस. अक्षर सुरेख, कागद नेटके, आणि संशयही तसाच नेटका, प्रत्येक गोष्टीवर वेगळा.

येताना त्यांनी बॅगेत एक धोतरजोडी, दोन सदरे आणि धोतरात गुंडाळलेलं खुरपं आणलं होतं. खुरप्याचा उपयोग होईल असं त्यांनाही वाटलं नसेल, पण झाला. हृषिकेशनं वर्षापूर्वी शहराच्या कडेला, रेल्वेरुळाला लागून, एक क्लाइनगार्टन घेतलं होतं. अशा शंभरेक चिमुकल्या बागांची एक वसाहत असते, तिची संघटना असते, प्रत्येकाला गुंठा-दोन गुंठे तुकडा आणि त्यावर एक लाकडी खोपटं. हृषिकेश पुण्याचा, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. त्याला माती सुट्टीच्या दिवशी हात लावण्यापुरती आवडायची. मुक्ताला वेळ नव्हता. तुकड्यात गवत माजलं होतं.

आप्पांनी ते बघितलं आणि सदऱ्याच्या बाह्या सारल्या. एप्रिलच्या गार वाऱ्यात साठी उलटलेला माणूस गुडघ्यावर बसून खुरपायला लागला. हरळीसारखं एक चिवट गवत होतं, त्याच्या मुळ्या हातभर लांब. आप्पा एकेक मुळी अख्खी उपसून काढायचे. "तुकडा राहिला की परत येतंय," म्हणायचे. आठ दिवसांत त्यांच्या बोटांची पेरं फुटली, रात्री मुक्ता त्यांना व्हॅसलीन लावून द्यायची. जमिनीवर मात्र त्यांचा विश्वास बसला. या देशात त्यांचा विश्वास बसला तो तेवढ्या दीड गुंठ्यावर.

मुक्ताचा अभ्यासही गावांचाच होता, फक्त दूरच्या. टांझानियातल्या एका राष्ट्रीय उद्यानाच्या कडेनं अकरा गावं होती. पाच वर्षांपूर्वी त्या गावांनी नदीकाठचं आपलं चराईचं रान हत्तींसाठी आणि पर्यटकांच्या तंबूंसाठी आपणहून सोडलं होतं. बदल्यात पर्यटनातला वाटा, शाळेवर छप्पर, पोरांना वाटाड्याची कामं. कुणी कुणाला हुसकावलं नाही, गावांनी सभा भरवून ठराव केले, असं सगळीकडं छापून आलं होतं. मुक्ता आठ वर्षांची असताना अभयारण्यासाठी धारेवाडी डोंगरावरून उठवून खाली मुरमाड माळावर आणून टाकली होती. आपल्या नशिबी आलं नाही ते या लोकांना जमलं, एवढ्या एका गोष्टीनं ती झपाटली होती. आठ महिने तिथं राहून आली, आणि आता विद्यापीठात प्रबंध पुरा करत होती. तीस जूनला तो द्यायचा. दिला, की त्याच प्रकल्पात पुढची दोन वर्षं नोकरी पक्की.

मे उजाडला तसं ऊन पडलं. आप्पांनी घरात वाढवलेली मिरचीची आणि वांग्याची रोपं बागेत लावायला काढली. वसाहतीचा अध्यक्ष टीलमान, उंच, लाल गालांचा म्हातारा, कुंपणापाशी आला आणि हात हलवून काहीतरी सांगायला लागला.

"काय म्हनतोय त्यो?"

"पंधरा तारखेपर्यंत थांबा म्हणतात. तोवर एखाद्या रात्री हिम पडतं, रोपं जळतात."

आप्पांनी आभाळाकडं बघितलं. अंगावर सदरा ओला झाला होता. "एवढ्या उन्हात हिम? आपली मिरची म्होरं जाऊ नये म्हनून सांगतोय. ह्याची स्वतःची रोपं बग, अजून कुंडीत हायेत."

त्यांनी चाळीस रोपं लावली. तेरा तारखेच्या पहाटे हिम पडलं. मुक्ता त्यांच्याबरोबर बागेत गेली तेव्हा चाळीसच्या चाळीस रोपं काळी पडून मान टाकून बसली होती. आप्पा उकिडवे बसून एकेक पान बोटानं उचलून बघत राहिले. टीलमान पलीकडून आला. एक शब्द न बोलता त्यानं आपल्या टोमॅटोची सहा रोपं कुंपणावरून पुढं केली. आप्पांनी ती घेतली, पण मान वर केली नाही. त्या दिवशी घरी जेवताना ते म्हणाले, "माझं चुकलं." आपल्या बापाच्या तोंडून हे वाक्य मुक्तानं पहिल्यांदा ऐकलं होतं.

वाटलं, आता तरी थोडा फरक पडेल. कसला फरक!

मेच्या शेवटच्या शनिवारी वसाहतीचं सामाईक काम होतं. प्रत्येक बागेनं वर्षाला अमुक तास घालायचे, असा नियम. हृषिकेशची त्या दिवशी कारखान्यात पाळी होती म्हणून मुक्ता आणि आप्पा गेले. रस्त्यावर लाकडाचा भुसा पसरायचा होता. आप्पांनी एकचाकी ढकलगाडी धरली ती चार तास सोडली नाही. धोतराचा काचा मारलेला हा पाहुणा भुशाचा ढीग उपसतोय हे बघून दोन-चार जर्मन गडी लाजेकाजेनं हात चालवायला लागले. टीलमाननं त्यांच्या पाठीवर थाप मारली. आप्पा चक्क हसले.

बारा वाजता लांब बाकांवर जेवणं मांडली. बटाट्याचं सॅलड, पाव, सॉसेज; आप्पांसाठी मुद्दाम चीज. आप्पांनी बशी हातात घेतली, आणि त्याच वेळी टीलमाननं एक फळी पुढं सरकवली. फळीवर कागद, कागदाला दोरीनं बांधलेलं पेन. खालच्या अर्ध्या कागदावर सह्या होत होत्या. वरचा अर्धा कागद कोरा.

आप्पांनी बशी खाली ठेवली.

"ह्ये काय?"

"हजेरी आहे आप्पा. सही करा, म्हणजे आपले तास धरतील."

"वर जागा कशापायी सोडलीया?"

मुक्तानं विचारलं. टीलमान म्हणाला, काय काम झालं, किती वेळ झालं, ते मी संध्याकाळी भरतो.

"संध्याकाळी भरनार. म्हंजे सह्या आधी, मजकूर मागनं," आप्पा म्हणाले. "आनि जेवनाच्या टायमाला."

"आप्पा, भुसा पसरल्याची हजेरी आहे. कुणी तुमचं घर लिहून घेत नाही."

"मी करनार न्हाई."

बाकावरची सगळी माणसं खाता खाता थांबली. मुक्ताचं तोंड लालबुंद झालं. तिनं आपली सही ठोकली. टीलमान ओशाळून म्हणाला, सही नसेल तर मला यांचे तास धरता येणार नाहीत, नियम आहे. चार तास राबलेला माणूस न जेवता खुरपं घेऊन बागेत निघून गेला. मुक्ता सगळ्यांची माफी मागत फिरली. घरातच हा रोग होता म्हणा. आईला सही येत होती. लहानपणी मुक्तानं तिला आप्पांच्या शेजारी बसून पाटीवर 'यमुना' गिरवताना बघितलं होतं. तरी ती बाई मरेपर्यंत रेशनच्या दुकानात, बँकेत, मुक्ताच्या शाळेच्या कागदांवर, सगळीकडं अंगठाच लावत आली. विचारलं तर म्हणायची, "मला न्हाई येत."

जूनच्या पहिल्या आठवड्यात पावसानं बाग बंद केली. शहरात फुटबॉलच्या विश्वचषकाचे झेंडे ओले होऊन लोंबत होते. मुक्तानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर प्रबंधाच्या शेवटी जोडायचे कागद पसरले होते: अकरा गावांच्या अकरा ठरावांच्या छायाप्रती. आप्पा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वाटाणे सोलत बसले होते. बोटं चालू होती आणि डोळे कागदांवर.

"ह्यो कागूद खोटा हाय," ते म्हणाले.

मुक्तानं वर बघितलं. "तुम्हाला ही भाषा येते?"

"भाषा कशाला पायजे? ह्यो बी खोटा. आनि त्यो."

"आप्पा, हिमाचंही असंच म्हणाला होतात."

आप्पांनी तीन-चार शेंगा सोलल्या. मग त्यांनी हात धोतराला पुसले, एक कागद ओढला आणि नखानं दाखवलं. "हितं बग. वरच्या वळी कशा मोकळ्या हायेत. खाली येईल तसं अक्षर बारीक व्हत गेलंय, वळी जवळ आल्यात. कशापायी? तर खालची जागा आधीच भरल्याली. मानूस आधी लिवतो तवा हवं तेवढं लिवतो, मग खाली सह्या घेतो. जागा कमी पडायचं कारनच न्हाई."

"जागा पुरली नसेल. कागद नसतो तिथं."

"बरं. ह्यो अंगठा बग. शेवटची वळ सरळ येत हुती, अंगठ्यापाशी आली आनि वर चढून पल्याड उतरली. अंगठा मागनं उठवला असता तर अक्षरावर उठला असता. अक्षर अंगठ्याला वळसा घालून गेलंय."

मुक्तानं कागद डोळ्यांजवळ नेला. तीन वर्षं ती हे कागद हाताळत होती. प्रत्येक शब्दाचं भाषांतर तिनं करून घेतलं होतं, प्रत्येक सही मोजली होती. वळसा दिसला नव्हता. आता दुसरं काही दिसेना.

"मी स्वतः विचारलंय लोकांना," ती म्हणाली. "सही केलीत का? सगळे हो म्हणाले."

"केलीच असंल. कशावर केली ते इचारलंस का?"

तिनं कागद खाली ठेवला.

"त्या दिवशी जेवन हुतं का?"

मुक्ता उठली आणि तिनं कपाटातून वही काढली. पान सापडायला वेळ लागला नाही, कारण त्या पानावर तिनं कौतुकानं चांदणी काढली होती. सलोमे नावाच्या म्हाताऱ्या बाईनं सांगितलं होतं, सभेच्या दिवशी दोन बोकड कापले, पुलाव होता, जेवायला बसताना आम्ही नावं लिहिली. मुक्तानं शेजारी लिहून ठेवलं होतं: सभेला सणाचं रूप. 

दुपारपर्यंत दोघांनी अकराही कागद बघितले. आठ तसे निघाले.

"तुम्हाला कसं ठाऊक हे?" तिनं विचारलं.

"पंचायतीत हुतो न्हवं. बघितल्यालं हाय," आप्पा म्हणाले, वाटाण्याची साल गोळा केली आणि पावसातच बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी मुक्ता आपला प्रबंध बघणाऱ्या प्रोफेसरबाईंकडं गेली. बाई कडक होत्या, पण सरळ होत्या. त्यांनी भिंगातून कागद बघितले, बराच वेळ बघितले. मग म्हणाल्या, अंगठा आणि वळसा एवढ्यावर मी आठ गावांचे ठराव खोटे म्हणू शकत नाही. हे असं करतात, असं कोण म्हणतं? त्या माणसाला कसं माहीत? त्यानं बघितलंय की ऐकलंय? तो नावानिशी लिहून देईल का? देणार असेल तर तुला परत टांझानियाला जाऊन त्या लोकांना नव्यानं विचारावं लागेल, आणि तीस जून विसर. ती नोकरी मला तुझ्यासाठी तोवर मोकळी ठेवता येणार नाही. देणार नसेल तर आहे तसा प्रबंध दे, तोही काही वाईट नाही.

ट्राममध्ये मुक्ताच्या डोक्यात एकच वाक्य घुमत राहिलं: बघितलंय की ऐकलंय. आप्पांनी बारा लोकांसमोर ताट टाकलं होतं. ऐकलेल्या गोष्टीसाठी कुणी भुकेल्या पोटी उठत नाही. वाईट वाटत होतं, तरी ती एकेक जुनी गोष्ट काढून तपासत राहिली. आईचा अंगठा. गाव खाली आल्यावर वर्षाच्या आत आप्पांची तालुक्याला झालेली कायमची नेमणूक. आई त्या नेमणुकीचे पेढे खायला तयार नव्हती, हेही तिला आत्ता आठवलं.

आप्पा बागेत बटाट्याच्या सरींना माती लावत होते. पावसानं माती जड झाली होती, फावड्याला चिकटत होती. मुक्ता सरळ सरीत जाऊन उभी राहिली.

"धारेवाडीचा ठराव कुणी लिहिला?"

आप्पांनी एक फावडं माती ओढली. दुसरं ओढलं.

"जंगलखात्याच्या साहेबानं कोरा कागद नेला, पुढचं मला माहीत नाही, असं तुम्ही गावाला सांगत आलात. मी लहानपणापासून ऐकलंय. आप्पा, अक्षर कुणाचं होतं?"

"माझं."

रुळावरून एक मालगाडी गेली. ती जाईपर्यंत दोघंही उभी राहिली.

"झाडं लावायचा कारेक्रम हुता शाळंच्या पटांगनात," आप्पा म्हणाले. ते फावड्याच्या दांड्याशी बोलत होते. "सगळ्या गावाला जेवान. साहेब म्हनला, जेवनाऱ्यांची हजेरी घ्या, वरला अर्दा कागूद मोकळा सोडा. मी इचारलं न्हाई कशापायी. दुसऱ्या दिशी मला हापिसात बशिवलं आनि मजकूर सांगितला. आम्ही राजीखुशीने गाव सोडण्यास तयार आहोत. मी लिवला. मजकूर लांब हुता. जागा पुरंना. बारीक करत आनला, तरी शेवटच्या वळीला सह्या आडव्या आल्या."

"आईची होती त्यात?"

"सगळ्यांच्या वर तिचीच. पंदरा दिवस आधी मी शिकिवली हुती. पयलीच सही तिची. हौसेनं म्होरं झाली आनि मोट्या अक्षरात केली." आप्पांनी फावडं मातीत रोवलं. "तिच्या नावाला वळसा घालून मी 'आहोत' लिवलं."

मुक्ताला वाटलं, हातातली पिशवी त्यांच्या अंगावर फेकावी. आणि त्याच वेळी तिला त्यांच्या फुटलेल्या बोटांकडं बघून रडूही आलं. दोन्ही एकदम.

"तिला कधी कळलं?"

"गाव उठल्यावर. ठरावाची झेराक्स गावात फिरली. बाकीच्यांस्नी कुठं वाचता येत हुतं? तिला तरी कुठं येत हुतं. पन माझं अक्षर वळखलं तिनं. त्याच अक्षरावर गिरवत हुती न्हवं."

"काय म्हणाली?"

"काय न्हाई. परत सही केली न्हाई."

मुक्ता वळली आणि खोपट्यात जाऊन बसली. किती वेळ बसली तिला कळलं नाही. माळावरचं पाणी तिच्या डोळ्यांपुढं होतं, मैलभर लांबून आईनं डोक्यावरून आणलेलं, आणि ज्या घरात ते ओतलं जायचं त्या घरातला हा कारकून. हा माणूस कोऱ्या कागदाला घाबरत नव्हता, स्वतःच्या हाताला घाबरत होता.

रात्री तिनं हृषिकेशला सांगितलं. 

"आणि नोकरी?" त्यानं हळूच विचारलं.

"गेली. मला त्या बायकांना परत विचारायचंय, कशावर सही केलीत म्हणून."

"गेनाऊ," तो जर्मन सवयीनं म्हणाला, म्हणजे 'बरोबर'.  मग म्हणाला, "आप्पा देतील का लिहून?"

 दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक कोरा कागद ठेवला, त्यावर पेन ठेवलं.

"कसं केलंत ते सगळं लिहा," ती म्हणाली. "नाव घालावं लागेल. गावाचंही."

"म्हंजे धारेवाडीला कळंल."

"कळेल."

"जुलैत मला तितंच जायाचं हाय. त्याच आळीत."

"माहीत आहे मला. नको असेल तर सांगा, मी कागद उचलते."

आप्पांनी कागदाकडं बघितलं, नळाच्या पाण्याच्या पहिल्या पेल्याकडं बघितलं होतं तसंच. मग उठले, बेसिनवर साबणानं हात धुतले, नखांतली माती काढली, नळाखाली पेला धरून पाणी प्याले आणि येऊन बसले. चष्मा लावला. कागदाच्या अगदी वरच्या कडेपासून लिहायला सुरुवात केली.

मुक्ता खिडकीपाशी उभी राहिली. पेनाचा आवाज तेवढा येत होता. दोनदा तो थांबला आणि दोन्ही वेळा तिला वाटलं, आता हा माणूस उठणार. तो उठला नाही. तासाभरानं खुर्ची सरकली आणि कागद तिच्यापुढं आला. भरगच्च लिहिलेला, तेच सुरेख अक्षर, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकाच मापाचं.

मुक्तानं कागद हातात घेतला, आणि एक शब्दही वाचायच्या आधी तिनं सहीच्या वरची जागा बघितली.

आप्पा तिच्याकडं बघत होते. "बग, बग," ते म्हणाले. "नीट बग."

जागा नव्हती.